घरचा संगणक अडून बसतो तेव्हा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. या ठिकाणी आजवर विद्वानांनी शिक्षणावर, व्यवहारज्ञांनी काटकसरीवर आणि वयोवृद्धांनी कुळाचारावर व्याख्याने दिली आहेत. त्या मालिकेत आमचा विषय काहींस क्षुल्लक, तर काहींस हास्यास्पदही वाटेल. विषय असा की, घरचा संगणक चालता चालता अडून बसू लागला, तर गृहस्थाने काय करावे? आपली मुले ज्याला ‘हँग होणे’ म्हणतात, तोच हा विकार.

परंतु थोडा विचार केल्यास हा विषय यंत्राचा नसून घराचा आहे, हे ध्यानी येईल. पूर्वी घराचे दफ्तर फडताळात आणि लाकडी पेटीत असे. जन्मपत्रिका, खरेदीखते, सातबाराचे उतारे, मुलांच्या गुणपत्रिका, लग्नकार्यातील छायाचित्रे, हे सर्व त्या पेटीत आणि पेटीची किल्ली घरच्या कर्त्या स्त्रीच्या कमरेला. आज ती पेटी दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील संगणकात गेली आहे. पेटी जुनी झाली तर कोणी तिच्यातील कागदांसकट ती जाळीत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करण्यास निघतो. आम्ही स्वतः निघालो होतो, म्हणूनच हे बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे असे समजतो.

गतवर्षीच्या वैशाखातील गोष्ट. आमच्या घरचा संगणक दहा-बारा वर्षांचा. तो अकस्मात अडू लागला. पडद्यावरील चित्र जसेच्या तसे राही, माउसचा बाण जागचा हलेना, कीबोर्डाला उत्तर मिळेना. आम्ही बटण दाबून धरावे, यंत्र बंद करावे आणि पुन्हा चालू करावे. पहिल्या आठवड्यात असे दोनदा घडले. पुढे दिवसातून दोनदा घडू लागले. शेजाऱ्यांनी निदान केले, ‘व्हायरस शिरला आहे.’ एका आप्तांनी सल्ला दिला, ‘जुने झाले, भंगारात द्या, नवे घ्या.’ दुरुस्तीच्या दुकानातील तरुणाने दूरध्वनीवरूनच सांगितले, ‘घेऊन या काका, फॉरमॅट मारून देतो, तासाभरात नवा होईल.’ आम्हांस तो मार्ग स्वस्त आणि सोपा वाटला. यंत्राच्या तारा सोडवून, ते जुन्या चादरीत बांधून आम्ही रिक्षा बोलावली.

दारात आमच्या सूनबाई उभ्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, “बाबा, आजींचा आवाज आणखी कुठे ठेवलाय का?”

या प्रश्नाचा अर्थ सांगणे अवश्य आहे. आमच्या मातोश्रींना देवाज्ञा होऊन आता चार वर्षे झाली. त्यांच्या अखेरच्या तीन वर्षांत आम्ही त्यांच्याजवळ बसून, त्या जे सांगतील ते ध्वनिमुद्रित करून ठेवीत असू. सात पिढ्यांची नावे, गाव सोडून घराणे कसे बाहेर पडले ती हकीकत, नवरात्रातील कोणत्या माळेला कोणता नैवेद्य, आणि त्यांच्या आजीकडून त्यांना आलेल्या जात्यावरच्या ओव्या. अशी एकेचाळीस ध्वनिमुद्रणे त्या यंत्रात होती आणि अन्यत्र कोठेही नव्हती. दुकानात जाऊन तासाभरात ‘नवे’ होणाऱ्या त्या यंत्रातून मातोश्री दुसऱ्यांदा गेल्या असत्या, आणि या वेळी आमच्या हाताने.

आम्ही रिक्षावाल्याची क्षमा मागितली आणि गाठोडे आत आणले. पुढे तीन आठवड्यांत जे शिकलो, ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम, यंत्र अडते म्हणजे काय होते, ते पाहू. संगणकाच्या पोटात काय चालते ते समजण्यास एखाद्या पेढीची कल्पना करावी. तेथे एक अतिशय चपळ कारकून आहे. तो म्हणजे प्रोसेसर. त्याच्या पुढ्यात एक मेज आहे. त्यावर चालू कामाचे कागद पसरलेले असतात. हे मेज म्हणजे रॅम. मागे एक मोठे कपाट आहे. त्यात सर्व दफ्तर कायमचे ठेवलेले असते. ते कपाट म्हणजे हार्ड डिस्क. आता हा कारकून कोणत्या कारणांनी थांबेल? उकाड्याने त्यास घेरी येईल. मेजावरील कागदाची अक्षरे पुसली गेली तर तो गोंधळेल. कपाटातील एखादा कागद चिकटून बसला, तर तो ओढीत तेथेच तिष्ठत राहील. मेज लहान आणि कागद फार झाले, तर त्याचा सारा वेळ मेज व कपाट यांच्यामध्ये येरझारा घालण्यात जाईल. पेढीचा दिवाच लुकलुकू लागला, तर त्याचे लिहिणे चुकेल. आणि दोन मालक एकाच वेळी परस्परविरुद्ध आज्ञा देऊ लागले, तरी त्याचे काम अडेल. बाहेरून पाहणारास मात्र या सहाही प्रसंगी एकच दृश्य दिसते : कारकून हलत नाही! म्हणूनच केवळ लक्षण पाहून औषध देणारा येथे हमखास फसतो.

कोणी विचारील की, एवढे बुद्धिमान यंत्र, मग आपण अडलो आहोत हे त्याचे त्याला का कळू नये? याचे उत्तर यंत्राहूनही जुने आहे. ब्रिटिश गणिती अ‍ॅलन टुरिंग यांनी १९३६ साली असे सिद्ध केले की, कोणताही कार्यक्रम कधी तरी संपेल की अखंड फिरतच राहील, हे प्रत्येक वेळी अचूक सांगू शकेल अशी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. यंत्र फार तर ‘हा कार्यक्रम प्रतिसाद देत नाही’ इतकेच म्हणू शकते. तो कामात गढला आहे की कायमचा अडला आहे, याचा निवाडा अखेर माणसालाच करावा लागतो.

हा निवाडा करण्याची पहिली पायरी म्हणजे धीर धरणे. यंत्र अडल्याबरोबर बटणाकडे हात नेऊ नये. पाच मिनिटे थांबावे. कीबोर्डवरील ‘कॅप्स लॉक’ची कळ दाबून तिचा दिवा लागतो व विझतो का, ते पाहावे. दिवा कळीची आज्ञा पाळत असेल, तर यंत्राचा प्राण बहुधा शाबूत आहे आणि एखादा कार्यक्रमच रुसला आहे, असे समजावे. मग ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘एस्केप’ या तीन कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. कोणता कार्यक्रम प्रोसेसर, रॅम वा डिस्क खाऊन बसला आहे हे त्यात दिसते आणि तेवढाच बंद करता येतो. कॅप्स लॉकचा दिवाही जागचा हलत नसेल, तर मात्र सारे यंत्रच ठप्प झाले आहे असे मानून, अखेरचा उपाय म्हणून बटण दाबून धरावे. अर्धवट लिहिले जात असलेले दफ्तर अशा वेळी बिघडू शकते, हे जाणून ते दाबावे.

आता उपचारांची तीन तत्त्वे सांगतो. आमच्या सर्व व्याख्यानाचे सार त्यांत आहे.

पहिले तत्त्व : आधी नक्कल, मग औषध. यंत्र अडू लागले की त्यात जे अमोल आहे ते प्रथम दुसरीकडे नेऊन ठेवावे. तपासणी, सफाई, दुरुस्ती, सर्व त्यानंतर. आमच्या नातवाने परगावाहून दूरध्वनीवर मार्गदर्शन केले. एका पेनड्राइव्हवर लिनक्सची उबुंटू ही प्रणाली भरून घेतली आणि संगणक घरच्या विंडोजऐवजी त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला. असे केल्याने आतील डिस्कवर काही न लिहिता तीवरचे दफ्तर नुसते वाचता येते. बाहेरून एक नवी डिस्क जोडली आणि नकला करण्यास आरंभ केला. पहिल्याने मातोश्रींची ध्वनिमुद्रणे, मग घराचे कागद, मग छायाचित्रे, आणि चित्रपट-गाणी सर्वांत शेवटी. हा क्रम महत्त्वाचा आहे. डिस्क मरणपंथाला लागली असेल, तर तिचे उरलेले श्वास कोठे खर्च करावयाचे, ते आपण ठरवावयाचे असते. याच कारणास्तव, नकला होण्यापूर्वी डिस्कची ‘दुरुस्ती’ करणारे कार्यक्रम तिच्यावर चालवू नयेत. त्या श्रमाने आजारी डिस्क अधिकच खालावू शकते. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर ती तत्काळ बंद करून जाणत्याकडेच न्यावी.

एकोणचाळीस ध्वनिमुद्रणे सुखरूप आली. दोन आली नाहीत. शंभर वेळा प्रयत्न केला; डिस्क त्या जागी येऊन अडे. त्यांपैकी एक, नवरात्राच्या नैवेद्याचे, आमच्या थोरल्या भगिनींच्या मोबाइलवर निघाले. आम्ही केव्हा तरी सहज म्हणून त्यांस पाठविले होते आणि विसरून गेलो होतो. दुसरे ओव्यांचे. ते कोणाकडेही नव्हते. ते गेले. या एका ध्वनिमुद्रणाची कथा दुसऱ्या कोणा घरी घडू नये, म्हणून आम्ही आज येथे उभे आहोत.

दुसरे तत्त्व : वही घाला. प्रत्येक वेळी यंत्र अडले की तारीख, वेळ, यंत्र सुरू होऊन किती वेळ झाला होता, त्या क्षणी काय उघडले होते आणि नुकते काय नवे घातले होते, हे लिहून ठेवावे. ही रीत संगणकाच्या बालपणापासूनची आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी बिघाड झाला. शोधता शोधता चालकांना एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. त्यांनी तो काढून चिकटपट्टीने नोंदवहीत लावला, शेजारी वेळ टिपली आणि खरा ‘बग’, म्हणजे किडा, प्रथमच सापडल्याची नोंद केली. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणण्याचा प्रघात त्यापूर्वीही होता; त्यातील विनोद तोच. ती वही आजही अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपणांस बोध घ्यावयाचा तो असा की, जे सापडले ते त्यांनी वेळेसह लिहून ठेवले.

आमच्या मुंबईतही त्या पिढीतील एक यंत्र होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’मध्ये सुमारे २७०० निर्वात नलिका होत्या आणि त्याची स्मृती चाळीस अंशांच्या २०४८ शब्दांची होती. आमच्या घरच्या जुन्या यंत्रातील रॅम चार गिगाबाइटांची, म्हणजे त्या स्मृतीच्या चार लक्ष पटींहून अधिक. इतक्या अफाट ठिकाणी दोष कोठे दडला आहे, हे केवळ तर्काने सांगू म्हणणे व्यर्थ होय. एकेक शक्यता वगळीत जाणे, हाच मार्ग.

आमच्या वहीत बारा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्या एकाखाली एक वाचल्या, तेव्हा आम्ही चकित झालो. सात वेळा यंत्र दुपारी एक ते चारच्या दरम्यान आणि सुरू होऊन अर्धा तास उलटल्यावरच अडले होते. यांतील दोन वेळा तर ते पेनड्राइव्हवरील प्रणालीवर चालू होते. दुसऱ्या प्रणालीवरही यंत्र अडते, याचा अर्थ दोष विंडोजचा किंवा व्हायरसचा नसून यंत्राच्या अवयवांचा आहे. उरलेल्या चार नोंदींस काळवेळ नव्हता. परंतु चारही वेळा जुन्या छायाचित्रांचा एकच कप्पा उघडला होता. म्हणजे रोग एक नसून दोन होते. फॉरमॅट मारून यांतील एकही बरा झाला नसता!

तिसरे तत्त्व : एका वेळी एकच उपाय. दोन औषधे एकदम दिली आणि रोगी बरा झाला, तर कोणत्या औषधाने झाला ते कळत नाही. रोग वाढला, तर कोणत्याने वाढला तेही कळत नाही. आम्ही प्रथम दुपारचा रोग हाती घेतला. हे यंत्र टेबलाखालच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटून, देवघराच्या शेजारी होते. त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी हौसेने विणलेला रुमाल होता, आणि तो नेमका हवेच्या जाळीवर येत असे. वीज काढून कॅबिनेटचा पत्रा उघडला, तेव्हा आत धूळ, उदबत्तीचा धूर आणि स्वयंपाकघरातील फोडणीची वाफ यांचे एक नमदे तयार झालेले आढळले. प्रोसेसरवरील पंख्याखालच्या पट्ट्या त्याने पार बुजल्या होत्या. प्रोसेसर तापू लागला की प्रथम स्वतःचा वेग कमी करतो. ताप सीमेपलीकडे, म्हणजे बहुतेक प्रोसेसरांत शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेला, की यंत्र अडते किंवा आपोआप बंद पडते. वैशाखातील दुपारी ती सीमा अर्ध्या तासात गाठली जात होती.

मऊ कुंचल्याने आणि हवेच्या फुंकणीने आम्ही ती धूळ काढली. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले, कारण फुंकणीच्या जोराने पंखा भरधाव फिरू देणे त्यास अपायकारक असते. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूस स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत उतरविली. प्रोसेसर व त्यावरील धातूचा ठोकळा यांमधील उष्णता वाहून नेणारा लेप वाळून भुकटी झाला होता. तो जाणत्याकडून नवा लावून घेतला. यंत्र कप्प्याबाहेर मोकळ्या हवेत आले आणि रुमाल दिवाणखान्यातील तक्क्यावर गेला. पुढील पंधरा दिवसांत दुपारची एकही नोंद वहीत झाली नाही.

मग दुसरा रोग. हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारी सुई त्यांच्या पृष्ठापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. एखादी जागा खराब झाली की डिस्क ती पुन्हा पुन्हा वाचू पाहते आणि तोवर सारी पेढी खोळंबते. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवीत असते. तिला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ या विनामूल्य कार्यक्रमाने ती वाचता येते. आमच्या डिस्कच्या नोंदीत निकामी झालेल्या आणि वाचता न येणाऱ्या जागांचे आकडे होते, आणि ते आठवड्यागणिक वाढत होते. अशा डिस्कला औषध नाही. ती बदलणेच इष्ट. तिच्या जागी फिरते भाग नसलेली एसएसडी बसविली. नव्या यंत्राच्या किमतीच्या अल्पांशात काम झाले आणि जे यंत्र भंगारात जाणार होते, ते आज आमच्या घरी पूर्वीपेक्षा वेगाने चालत आहे.

प्रत्येक घरचा रोग आमच्यासारखाच असेल असे नाही. म्हणून अन्य कारणेही थोडक्यात सांगतो. यंत्र काळवेळ न पाहता, कोणत्याही कामात अडत असेल, तर रॅमचा संशय घ्यावा. विंडोजमध्येच रॅम तपासण्याची सोय आहे. ती रात्री चालू करून ठेवावी. रॅमच्या पट्टीची पिवळी टोके काळवंडली असतील तर स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसून, पट्टी पुन्हा घट्ट बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पाहावी. पंप किंवा मिक्सर सुरू होताच यंत्र अडत असेल, तर दोष विजेच्या दाबाचा, अर्थिंगचा किंवा एसएमपीएसचा असण्याचा संभव आहे. एसएमपीएसचा डबा मात्र गृहस्थाने कदापि उघडू नये. वीज काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरांत धोकादायक विद्युत साठून राहते. डिस्क काठोकाठ भरली असेल तर तिचा पाचवा हिस्सा तरी मोकळा करावा. व्हायरसप्रतिबंधक कार्यक्रम दोन घातले असतील तर एक काढावा. तेच ते दोन मालक. एखादा नवा कार्यक्रम किंवा ड्रायव्हर घातल्यापासून विकार सुरू झाला असेल, तर तो काढून पाहावा; ‘सेफ मोड’मध्ये यंत्र सुरळीत चालले, तर हा संशय बळावतो. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ती असलेले यंत्र तेवढ्याने अडत नाही. परंतु सुरक्षिततेचा विचार वेगळा करावा लागेल.

एक सूचना विशेषतः वयोवृद्धांसाठी. कधी कधी पडदा अडल्यासारखा होतो, मोठा आवाज होतो आणि ‘आपला संगणक बंद करण्यात आला आहे, या क्रमांकावर संपर्क साधा’ अशी अक्षरे दिसतात. हे अडणे नव्हे, ही फसवणूक होय. त्या क्रमांकावर कधीही बोलू नये आणि कोणाच्या सांगण्यावरून यंत्राचा ताबा परक्याच्या हाती देऊ नये. ‘एस्केप’ची कळ काही वेळ दाबून धरावी, किंवा टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, सर्व पूर्ववत होते.

दुरुस्तीच्या दुकानातील त्या तरुणास आम्ही दोष देत नाही. यंत्र चालते करणे हे त्याचे काम, आणि फॉरमॅट हे त्याच्या पेटीतील सर्वांत जलद औषध. यंत्रात कोणाचा आवाज आहे हे त्यास कसे ठाऊक असावे? ते सांगणे आपले काम. म्हणून यंत्र दुकानात देताना वहीची नक्कल सोबत द्यावी आणि ‘मालकाच्या परवानगीवाचून फॉरमॅट करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे.

शेवटी मंडळाविषयी दोन शब्द. आपल्या मंडळाची सभासदसूची, वधू-वरांची नोंदवही, विद्यार्थी साहाय्यनिधीचे हिशेब आणि अनेक वर्षांची इतिवृत्ते सध्या चिटणिसांच्या घरच्या एकाच संगणकात आहेत. तो संगणक आमच्या संगणकाहून तरुण नाही. जुनी कागदी इतिवृत्ते वाळवीने खाल्ली म्हणून आपण हळहळतो. या नव्या वाळवीला आवाजही नाही आणि मातीही नाही. तेव्हा आमची कार्यकारिणीस विनंती आहे की, या दफ्तराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक वेगळ्या वास्तूत असावी. हाच नियम प्रत्येक घरास लागू आहे. प्रत कोणी करावी आणि कोणत्या दिवशी, हेही ठरलेले असावे. ज्याला ठरलेला दिवस नाही, ते काम राहून जाते.

तो दिवस शोधण्यास दूर जावयास नको. खंडेनवमीस आपण हत्यारांची आणि अवजारांची पूजा करतो. संगणकासही हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहण्याची चाल आता घरोघरी पडली आहे. त्या दिवशी फूल वाहण्यापूर्वी यंत्राची धूळ काढावी आणि दफ्तराची नक्कल करावी, एवढीच आमची सूचना. दर महिन्यास नक्कल करणाराने ती अवश्य करावी. परंतु वर्षातून हा एक दिवस कोणीही चुकवू नये.

गतवर्षीच्या नवरात्रात पहिल्या माळेला आमच्या घरी मातोश्रींचे ध्वनिमुद्रण लावले होते. नैवेद्यात काय काय आणि कोणत्या क्रमाने, ते त्या सांगत होत्या, आणि सूनबाई त्याप्रमाणे पान वाढीत होत्या. ओव्यांचे ध्वनिमुद्रण गेले ते गेलेच. आमच्या भगिनींना त्यांतील चार ओव्या अजून आठवतात. त्या त्यांच्याकडून म्हणवून घेऊन आम्ही पुन्हा मुद्रित केल्या आहेत, आणि त्यांच्या नकला आज तीन घरी आहेत.